शब्द संपला की अंगठा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालते आहे. डावा गुडघा एकदा वाकला की पुन्हा सरळ होईल याची हमी डॉक्टर देत नाहीत, आणि जमिनीवर पडल्या पडल्या पुढचं पत्र लिहिणं मला जमायचं नाही.) तुझी प्रकृती कशी आहे? डोळ्यांत थेंब दोन्ही वेळा घालतेस ना? की सकाळचे घालून संध्याकाळचे "आज जरा बरं दिसतंय" म्हणून वाचवून ठेवतेस? रक्तदाब, दात आणि वरच्या मजल्यावर दोरीच्या उड्या मारणारी ती बाई, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. इथवर आईने शिकवलं तसं लिहिलं. आता माझं लिहिते.

पाकिटावर माझं अक्षर पाहून "आलीच शेवटी शरण" असं तू मनात म्हणाली असशील. तसं काही नाही. माझी करडी, लाकडी मुठीची छत्री तुझ्याकडे राहिली आहे, त्यासाठी हे पत्र. तिचं शेवटी लिहिते. आपल्या दोघींचं बोलणं बंद आहे, त्याला परवा सव्वा वर्ष झालं, त्याबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. (तरी नोंद असावी म्हणून: तू दर रविवारी अकराला फोन करायचीस. "बरी आहेस ना?" "बरी." "जेवलीस?" "ताई, अकरा वाजलेत." "बरं, ठेवते." पंचवीस वर्षं हेच. एका रविवारी मी म्हटलं, "सांगण्यासारखं काही नसेल तर फोन कशाला करतेस?" तू म्हणालीस, "बरं." पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. एवढंच झालं. चूक तुझी नव्हती हे मला मान्य आहे. माझी होती, असं मात्र मी अजून कुठे म्हटलेलं नाही.)

तर छत्रीकडे वळण्याआधी, गेल्या मंगळवारी माझ्या हातून शहरातली तेरा वाचनालयं बंद पडली, ते सांगते.

लेक आणि जावई आता माझ्याकडे राहतात. (त्यांच्या मते मी त्यांच्याकडे राहते.) वर्ष झालं. तुला सांगायचं राहिलं. कसं सांगणार होते? जावई घरूनच काम करतात. मागची खोली, जिथे मी उन्हात कपडे वाळवायची, तिथे आता दोन पडदे, तीन पंखे आणि सतत गुणगुणणारं एक कपाट आहे. लग्न ठरताना त्यांना कामाचं विचारलं तेव्हा "नेटवर्क" म्हणाले होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच भिडेखातर गप्प बसले. आता कळलं ते असं: शहरात चौदा सार्वजनिक वाचनालयं आहेत. प्रत्येकात एक राऊटर नावाची पेटी. मधल्या कार्यालयात एक मोठी पेटी. कुठे जायचं तर कुठल्या वाटेने जायचं, हे या पेट्या एकमेकींना सांगत असतात, आणि ते सांगणं थांबलं की एका वाचनालयातल्या बाईला दुसऱ्या वाचनालयात कुठलं पुस्तक आहे ते दिसत नाही. ज्या पेटीशी थेट बोलणं आहे तिला हे लोक शेजारी म्हणतात. अठरा किलोमीटरवर असलेला शेजारी! मग भिंतीपलीकडे राहून सकाळी सहाला कपाटं सरकवणारी ती कोण, असं मी विचारलं, त्यावर जावई फक्त हसले. हसणं हा त्यांचा मुख्य दुर्गुण आहे. भांडणाला टेकू मिळत नाही.

महिन्यापूर्वी मी त्यांना माळ्यावरची ट्रंक काढून द्यायला सांगितलं. (कशाला ते विचारू नकोस.) ट्रंक खाली आली. पाठोपाठ जावईही आले. ट्रंकेला काही झालं नाही. जावयांचं उजवं मनगट मोडलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे मला महिनाभर रोज स्वतःलाच लावावा लागला. लेक कामासाठी पंधरा दिवस परगावी गेलेली. आणि मंगळवारी सकाळी, वाचनालयं दहाला उघडायच्या आत, मोठ्या पेटीत नवे नियम लिहायचे हे दोन महिने आधी ठरलेलं. ते बिचारे डाव्या हाताने टाइप करत होते. कोंबडी दाणे टिपते तसं. तीही बरी नसलेली कोंबडी. मी दारात उभी राहून एक ओळ पाहिली, दोन पाहिल्या. तिसऱ्या ओळीला म्हटलं, "जावईबापू, उठा."

बत्तीस वर्षं मी न्यायालयात निकाल टाइप केले, ताई. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही निकालात खाडाखोड सापडायची नाही. (निकालातल्या न्यायाची जबाबदारी माझ्याकडे नव्हती.) आणि आपल्या टायपिंगच्या सिस्टर तुला आठवतात ना? हातांवर रुमाल पसरायच्या, म्हणजे कळा दिसू नयेत, आणि पाठीमागे उभ्या राहून फूटपट्टीने बाकावर ताल धरायच्या: शब्द संपला की अंगठा, ओळ संपली की हात. शब्द संपला की अंगठा म्हणजे उजव्या अंगठ्याने ती लांब पट्टी दाबायची आणि मोकळी जागा सोडायची. विचार करायचा नाही. "विचार साहेबांनी करायचा, तुमचा अंगठा तयार हवा," म्हणायच्या. तू तीन महिन्यांत सोडलंस. मी टिकले. त्या अंगठ्यावर माझं घर चाललं, लेकीचं शिक्षण झालं.

जावई शेजारच्या खुर्चीवर बसून सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. फोनवर त्यांचे साहेब होते. मधली पेटी आम्ही सांभाळायची आणि वाचनालयांकडची टोकं साहेबांनी. एकाच माणसाने दोन्ही टोकं हातात घ्यायची नाहीत, असा त्यांच्याकडे नियम आहे. (तो घराघरांत असता तर काय बिघडलं असतं?) सासूबाई टाइप करताहेत हे साहेबांना सांगितलेलं नव्हतं. मी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. माझ्यासाठी ही अट किती जड होती ते तुला वेगळं सांगायला नको.

काम मोठं गमतीचं होतं. आधी प्रत्येक शेजाऱ्यासाठी त्याच अकरा ओळी चौदा वेळा लिहिलेल्या होत्या. आता एक गट करायचा, नियम गटाला एकदाच सांगायचे, आणि चौदाही जणांना नुसतं म्हणायचं, "तुम्ही या गटात." मला आई आठवली. ती कधी तिघा भावंडांना वेगवेगळं सांगायची का? "हात धुवा," "दिवा लागला, आत या," "दूध संपवा." ज्याने हात धुतले असतील त्यानेही पुन्हा धुवायचे. गटात असणं म्हणजे तेच. पण एखाद्या शेजाऱ्याला काही वेगळं सांगायचं असेल तर ते त्याच्या एकट्याच्या नावे लिहिता येतं, आणि त्याच्या नावे लिहिलेलं गटाच्या नियमावर मात करतं. तुला दूध पचायचं नाही म्हणून "मोठी सोडून सगळ्यांनी" असं आई म्हणायची, तसं. (त्या "मोठी सोडून"चा मी सत्तर वर्षांच्या उंबरठ्यावरही हेवा करते, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.) चौदांतलं नदीकाठचं वाचनालय असं सोडलेलं होतं. त्याची पेटी इतकी जुनी की नवा पासवर्ड तिला झेपेना, म्हणून तिच्या नावे जुनाच वेगळा ठेवला.

पासवर्डाचंही ऐक. कुणीही उपटसुंभ येऊन "मी तुमचा शेजारी" म्हणू लागला तर चालायचं नाही, म्हणून दोन्ही टोकांना एकच गुप्त शब्द दिलेला असतो. हा शब्द तारेवरून कधीच जात नाही. प्रत्येक निरोपाखाली त्या शब्दापासून केलेली एक मोहर जाते. पलीकडे तोच शब्द असेल तर तिथेही तशीच मोहर उमटते आणि निरोप आत घेतला जातो. जुळली नाही तर? मी विचारलं. मला वाटलं, पलीकडचा ओरडत असेल, निदान "कोण तुम्ही?" म्हणत असेल. तर नाही. तो काहीच म्हणत नाही. निरोप आलाच नाही असं धरून बसून राहतो. मी म्हटलं, ही पद्धत माझ्या ओळखीची आहे. (कुणाची, ते तू ओळखलं असशीलच.)

जावयांनी नवा शब्द मोठ्याने सांगितला नाही. डाव्या हाताने चिठ्ठीवर लिहून दिला. शब्द कसला, कीबोर्डवरून मांजर चालत गेलं तर उमटेल असं काहीतरी, सोळा अक्षरं. मी तो गटाच्या नियमांत टाइप केला, ओळ संपवली. तिकडून साहेब म्हणाले, "माझ्याकडून झालं." जावई म्हणाले, "आमच्याकडूनही." सगळं सुरळीत. स्क्रीनवर चौदाही शेजारी जागच्या जागी. मी मनात म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी मला या खात्यात घेतलं असतं तर आज सगळं जग सुतासारखं सरळ असतं. मी चहाचं पाणी ठेवायला उठले.

पाणी उकळलं नव्हतं. तीन मिनिटं झाली असतील. जावयांचा आवाज आला, "आई." आधी एकच हाक, आणि मग, "आई, जरा याल का?" त्यांच्या आवाजात हसू नव्हतं, तेव्हा मी गॅस बंद करून गेले. चौदांतले तेरा शेजारी गेले होते. एकदम, एका रांगेत, दिवे गेल्यासारखे. नदीकाठचं एकटं उभं. बाकी तेरांच्या नावापुढे एक शब्द लिहून आलेला: ॲक्टिव्ह. मला हायसं वाटलं. म्हटलं, "अहो, चालू आहेत की!" जावई म्हणाले, "आई, ॲक्टिव्ह म्हणजे बोलणं सुरू नाही. म्हणजे आपण हाका मारतोय आणि पलीकडून ओ येत नाही. बोलणं सुरू असलं की तिथे शब्द नसतो, आकडा असतो." याला कसली भाषा म्हणायची? जो घसा कोरडा करून हाका मारतो आहे आणि ज्याला कुणी विचारत नाही, त्याला हे लोक कार्यरत म्हणतात. (मग विचार केला तर खोटं तरी काय आहे त्यात.)

दहा वाजले आणि वाचनालयं उघडली. साहेबांचा फोन जावयांच्या कानाला, म्हणून घरचा दुसरा फोन माझ्याकडे. ग्रंथपाल मंडळी आयुष्यभर हळू बोलून संतापसुद्धा हळूच करतात, ते मला त्या दिवशी कळलं. एक बाई तर इतक्या कुजबुजत रागावत होत्या की मला तीनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं, आणि दर वेळी त्या आधीपेक्षा हळू बोलत होत्या. सहाव्या की सातव्या वेळी फोन वाजला तो नदीकाठच्या वाचनालयातून. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ. म्हणाले, "आमच्याकडे सगळं चालू आहे हो. बाकीचे कुणी दिसत नाहीत, म्हणून म्हटलं विचारावं. सगळं ठीक ना?" आणि मी म्हटलं (ताई, मी हे खरंच म्हटलं, माझ्याच तोंडाने), "तुमचं चालू आहे ना? मग सांगण्यासारखं काही नसताना फोन कशाला करता?"

ते म्हणाले, "बरं."

फोन ठेवला गेला. मी तो हातात धरून उभी राहिले. त्या "बरं"मध्ये राग नव्हता. असता तर मी दोन हात केले असते. नुसतं दार लोटून घेतल्यासारखं होतं. हे "बरं" मी आधी एकदा ऐकलं आहे. तेव्हा मला वाटलं होतं की तू माझं म्हणणं मान्य केलंस.

तिकडे जावई घामाघूम. तारा पाहिल्या, नियम पाहिले, गट पाहिला. साहेब सारखे म्हणत होते, पासवर्ड चुकला असेल. जावई म्हणत होते, शक्य नाही. पेटीत तो दिसतही नाही. एकदा लिहिला की त्याचं कुलूपबंद रूपच दिसतं. त्यांनी मला चिठ्ठी वाचून दाखवायला लावली, अक्षर अक्षर. मी दोनदा वाचली, दोन्ही वेळा बरोबर, आणि दुसऱ्या वेळी जरा टेचातच. माझ्या हातून चूक होणार नाही यावर त्या खोलीत दोघांचा विश्वास होता: माझा आणि त्यांचा. म्हणूनच वीस मिनिटं वाया गेली. शेवटी ते म्हणाले, "आई, एका कोऱ्या पानावर टाइप करून दाखवता? मी फक्त बघतो." मी केला. ते स्क्रीनकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होते. सोळा अक्षरं झाली, आणि ते म्हणाले, "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"अंगठा."

खाली बघितलं. माझा उजवा अंगठा लांब पट्टीवर होता. तो शब्द नव्हताच, मांजराची चाल होती. पण संपला होता, आणि संपला की अंगठा. एवढी वर्षं तो माझ्या नकळत दाबला जात आला आहे. बाकी ओळींत शेवटी मोकळी जागा सुटली तर पेटी तिकडे लक्ष देत नाही. पासवर्डात देते. तिच्या लेखी ते सतरावं अक्षर. कागदावर न दिसणारं, वाचताना न ऐकू येणारं. आणि मी ते एका शेजाऱ्याला दिलं असतं तर एकच वाचनालय पडलं असतं. मी ते गटाला दिलं. गटाची हीच तर सोय.

पुन्हा टाइप करायला बसले. सोळावं अक्षर झालं की अंगठा आपोआप खाली. पुन्हा पुसलं. पुन्हा अंगठा. मी त्याला रागावले, ताई, मोठ्याने रागावले, तो माझ्याच शरीराचा भाग आहे हे विसरून. (डाव्या हाताने का केलं नाहीस, म्हणशील. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तेरा वाचनालयं पडली असता माणसाच्या डोक्यात जे येतं ते थोडंच असतं.) शेवटी जावयांनी आपल्या चांगल्या, डाव्या हाताच्या मुठीत माझा अंगठा घट्ट धरला, आणि मी उरलेल्या नऊ बोटांनी सोळा अक्षरं टाइप केली. प्लास्टरवाला जावई सासूचा अंगठा धरून बसला आहे आणि सासू शहराची वाचनालयं सुरू करते आहे, हे दृश्य पाहायला घरात तिसरं कुणी नव्हतं याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

ओळ संपवली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. अंगठा सोडायचं त्यांना सुचलं नाही, मलाही नाही. मग पहिल्या नावापुढचा तो शब्द गेला आणि आकडा आला. मग दुसऱ्या. मधेच दोन एकदम. पाचव्याने जरा वेळ घेतला. तेरावा आकडा आला तेव्हा फोनवर साहेब म्हणाले, "आले सगळे. काय होतं?" जावई म्हणाले, "पासवर्डाच्या शेवटी स्पेस गेली होती." साहेबांनी विचारलं, "अशी कशी गेली? तुम्ही तर जपून टाइप करता." जावई म्हणाले, "हात जरा..." आणि पुढे खोटं बोलायला लागणार, हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं. त्यांच्या चुकीमुळे नाही, माझ्या ट्रंकेमुळे मोडलेल्या हाताच्या नावावर माझ्या अंगठ्याची चूक जमा होणार होती.

मी म्हटलं, "मी टाकली."

साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"सासूबाई. बत्तीस वर्षं टाइप करते. चूक माझी आहे, त्यांची नाही."

मग साहेब म्हणाले, "बाई, इथे आजवर चार जणांनी अशी स्पेस टाकली आहे. कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्या." पुढे त्यांनी जावयांना घरच्यांना कामाला लावण्याबद्दल जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, ते योग्य होतं. मला मात्र नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. "चूक माझी आहे" एवढे तीन शब्द. तोंडातून निघायला एक श्वास लागला, आणि मी सव्वा वर्ष...

असो. पुन्हा चहाचं पाणी ठेवलं. चहा घेता घेता मी जावयांना विचारलं की शब्द चुकला तर पेट्या तिथल्या तिथे का नाही पडल्या? तीन मिनिटं सगळं ठीक का दिसत होतं? तेव्हा त्यांनी सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. दर मिनिटाला प्रत्येक पेटी आपल्या शेजाऱ्याला एक निरोप पाठवते. त्यात काहीही नसतं. काहीही म्हणजे? म्हणजे वर मायना असतो आणि खाली मजकूर नसतो. रिकामा. नवी वाट सापडली, जुनी बंद झाली, असलं काही सांगायचं असेल तर त्याचे निरोप वेगळे. हा फक्त एवढ्यासाठी की मी आहे. तू आहेस ना? असे तीन निरोप ओळीने आले नाहीत की पेटी धरून चालते, शेजारी गेला. आणि मग त्याच्यामार्फत कळलेल्या साऱ्या वाटा ती एका झटक्यात पुसून टाकते. माझी मोहर चुकल्यावर ते रिकामे निरोप पलीकडे आत घेतलेच जात नव्हते. पहिला गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला सगळं पडलं.

मी म्हटलं, "म्हणजे ज्यात सांगण्यासारखं काही नाही, त्यावरच सगळं उभं आहे?" ते हसले. "हो आई. तेच सगळ्यात महत्त्वाचं."

मी कपबशा धुवायला घेऊन गेले. चहा अर्धा राहिला होता, तरीही.

तू फोन बंद केलास त्यानंतर मी तीन रविवार वाट पाहिली होती. अकराच्या आधी अंघोळ उरकून, फोनजवळची खुर्ची ओढून. चौथ्या रविवारी खुर्ची जागेवर ठेवली. आणि तेव्हापासून मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नाही मला माहीत नाही. आपल्या शाळेची दगडी इमारत पाडणार होते, ती उभी आहे का माहीत नाही. धाकट्याच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, तेही नाही. हे सगळं मला तुझ्याकडून कळायचं. केव्हा सांगायचीस ते आठवत नाही; "जेवलीस?" आणि "बरं, ठेवते" यांच्या मधे कुठेतरी सांगत असशील. मला वाटत होतं, तू काहीच सांगत नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी नदीकाठच्या वाचनालयात फोन केला. त्याच गृहस्थांनी घेतला. मी नाव सांगितलं, कालचं बोलणं चुकलं म्हणाले, आणि विचारलं, "सगळं ठीक ना?" ते म्हणाले, "ठीक." मी म्हटलं, "बरं, ठेवते." एकूण अर्धं मिनिट. फोन ठेवल्यावर मला दिवसभर चांगलं वाटत होतं, याचा मला फार राग आला.

पत्र लांबलं. थेंब दोन्ही वेळा घाल. धाकट्याला आशीर्वाद, मावशीला नमस्कार, आणि वरच्या उड्या मारणाऱ्या बाईला माझ्याकडून दोन शब्द, ते तू निवड.

तुझी,
धाकटी

ता. क. छत्रीचं राहिलंच. करडी, लाकडी मूठ, एक काडी वाकलेली. कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठव. घाई नाही, पण हवी आहे.

ता. क. २. छत्री सापडली. माझ्याच कपाटाच्या मागे होती. पत्र पुन्हा लिहीत बसत नाही; वरचं तेवढं सोडून वाच.

ता. क. ३. ट्रंक कशाला उतरवली ते सांगून टाकते. मी नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं परगावी एकटी राहायची, तेव्हा तू मला कार्डं पाठवायचीस. तू तेव्हाही कधी काही सांगण्यासारखं लिहिलं नव्हतंस, हे सिद्ध करायला मला ती हवी होती. सापडली. एकशे बारा आहेत. सगळ्यांवर एकच: "मी बरी आहे. तू बरी अस." माझंच खरं ठरलं. फक्त, ती सगळी मी दोरीने बांधून का ठेवली होती, याचं उत्तर ट्रंकेत सापडलं नाही.

ता. क. ४. जावई म्हणतात, दोन्ही टोकांनी नुसती वाट बघायची ठरवली तर जन्मात बोलणं जुळत नाही. एकाने हाक मारावी लागते. मी या महिन्यात दोनदा तुझा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत ठेवला. आता नाही ठेवणार. येत्या रविवारी अकराला फोन करते. उचल. मला सांगण्यासारखं काहीही नाही.